हिलाल ब्रदरची एक ओळ

एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला सुगनबाई धर्मादाय रुग्णालयाची दुमजली इमारत लागते. पन्नास खाटा, एक ऑपरेशन थिएटर, दारात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली चहाची गाडी. जळगाव आणि धुळं, दोन्हीकडे जायला साधारण सारखाच वेळ लागतो. महामार्गावर काही झालं की जखमींना आधी इथेच आणून टाकतात.

या रुग्णालयात हिलाल झिपरू बिऱ्हाडे सव्वीस वर्षं नोकरीला होता. दवाखान्यात बाईला सिस्टर म्हणतात तसं पुरुषाला ब्रदर, म्हणून तो सगळ्यांचा हिलाल ब्रदर. मूळचा पहूरचा. बौद्धवाड्यातून नर्सिंगचा कोर्स करणारा पहिला मुलगा, आणि कोर्स करून गावाकडे परत न गेलेलाही पहिलाच. बायको कोकिळा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिची बदली रावेर तालुक्यात झाली ती तिथेच राहिली. बारा वर्षं दोघांचे दोन संसार होते. शनिवारी दुपारी तो निघायचा, बस बदलत बदलत दिवेलागणीला पोचायचा आणि सोमवारी पहाटे परत फिरायचा. मुलगी मृणाली नाशिकला बँकेत लागली होती. उरलेले पाच दिवस तो रुग्णालयामागच्या क्वार्टरच्या दोन खोल्यांत एकटा राही. स्वयंपाक चांगला करायचा, पण एका माणसाची भाजी कधी जमली नाही. नेहमी दोघांची व्हायची.

त्याची माणसं म्हणजे अपघात विभागातली माणसं. दुपारचा डबा पाच-सहा जण एकत्र उघडायचे. त्यात हाडांचा डॉक्टर संयमही असे. संयम हा रुग्णालय बांधणाऱ्या कांतीलालशेठचा नातू. शाळेत असताना सायकलवरून पडला तेव्हा त्याच्या गुडघ्याला पट्टी हिलालनेच बांधली होती. पुढे तो डॉक्टर होऊन आला, हिलालचा साहेब झाला, तरी हाक मारायचा ती 'हिलालकाका' अशीच.

दोन हजार बावीसचा मार्च महिना होता. सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमाराला मक्याची पोती भरलेली एक ट्रॉली वळणावर उलटली आणि पोत्यांवर बसलेला राकेश नावाचा एकोणतीस वर्षांचा तरुण खाली सापडला. पिकअपमधून त्याला आणलं. मांडीचं हाड मोडून पाय वाकडा झाला होता, कपाळापासून टाळूपर्यंत कातडी फाटली होती, रक्ताने डोळे दिसत नव्हते. ज्याला ज्याला तो दिसला त्याला आधी डोकं दिसलं आणि मग मांडी.

हिलालने मनगट धरून नाडी मोजली. मग सवयीने पोटावर हात ठेवला.

"साहेब, नाडी एकशे बत्तीस आहे. तळहात पांढरे पडलेत. पोट जरा घट्ट लागतंय."

संयम मांडीवर वाकला होता. वर न बघता म्हणाला, "मांडी मोडलीय काका, एवढ्या दुखण्यात नाडी धावणारच. तुम्ही टाक्यांचं सामान काढा."

हिलालने टाक्यांचं सामान काढलं.

पुढचा तास-सव्वा तास सगळे मन लावून राबले. मांडीचा एक्स-रे झाला, पायाला फळी बांधली, डोक्याला सोळा टाके पडले. संयमचा हात मोठा सुबक होता. राकेश मध्ये मध्ये पाणी मागत होता. "भाऊ, घोटभर पाणी द्या ना." ऑपरेशन करायची वेळ आली तर पोट रिकामं असावं म्हणून हिलालने दिलं नाही. ओला कापूस तेवढा ओठांना लावला. डोक्याला मार आहे, तेव्हा स्कॅन हवा, असं ठरलं. रुग्ण पुढे पाठवताना जो छापील कागद द्यायचा त्यावर नाव, वय, गाव, निदान, केलेले उपचार, सही, एवढे रकाने होते. ते भरले. एक वाजून पाच मिनिटांनी रुग्णवाहिका जळगावकडे निघाली.

पावणेचारला हिलाल कडुनिंबाखाली चहा पीत उभा होता. तीच रुग्णवाहिका जळगावकडून आली, दारासमोरून पारोळ्याच्या दिशेने सुसाट गेली. ड्रायव्हर ओळखीचा होता. हिलालने हात वर केला, त्याने बघितलं नाही. स्कॅनमध्ये डोकं ठीक निघालं होतं, पण पुढे ज्यांच्याकडे न्यायचं ते सर्जन बाहेरगावी होते, म्हणून पेशंटला आता धुळ्याला चालवलं होतं, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं की ही गाडी उलटी का चाललीय. कप परत देऊन तो आत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी विभागातला फोन वाजला.

"मी धुळ्याहून डॉक्टर हेमांगी देवरे बोलतेय, सर्जन आहे. परवा तुमच्याकडून निघालेला राकेश आमच्या दारात पोचला तेव्हा संपलेला होता. पोटात तीन लिटरच्या आसपास रक्त होतं. तुमच्याकडे आला तेव्हा नाडी किती होती, कुणाला आठवतंय का?"

"एकशे बत्तीस," हिलाल म्हणाला.

"हे कागदावर कुठे आहे?"

"कागदावर तसा रकाना नाही, मॅडम."

त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलं होतं?"

"एकदा."

"मी कुणाचा दोष काढायला फोन केलेला नाही," हेमांगीबाई म्हणाल्या. "या रस्त्यावर आठ दवाखाने आहेत आणि आठांच्या आठ पद्धती. कुणी आधी पाय बांधतं, कुणी आधी डोकं शिवतं, कुणी नुसतंच पुढे ढकलतं. सगळ्यांनी मिळून एक पद्धत ठरवावी असं माझ्या मनात आहे. डॉक्टर येतीलच. पण ज्याला नाडी आठवते असा माणूस मला हवाय. याल?"

हिलाल हो म्हणाला. आपण हो का म्हणालो हे त्याला क्वार्टरवर गेल्यावरही नीट सांगता आलं नसतं. सव्वीस वर्षांत त्याने हजारो माणसं गाडीत चढवून पुढे पाठवली होती. त्यांतलं कोण घरी गेलं आणि कोण नाही, हे कधी कुणी त्याला फोन करून सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. राकेश हा पहिला, ज्याचं पुढे काय झालं ते त्याला कळलं.

बैठका जूनपासून सुरू झाल्या. महिन्यातून एक शनिवार, पारोळ्यातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात. आठ दवाखान्यांतून आणि रुग्णवाहिकांवरून मिळून एकतीस माणसं यायची. बाकं सहावीच्या मुलांची. मोठमोठे डॉक्टर गुडघे छातीशी घेऊन बसायचे आणि पाठीमागच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेले मोर.

वाद व्हायचे, आणि भलत्या गोष्टींवरून व्हायचे. खूप रक्त गेलेला माणूस गार पडतो, गार पडला की रक्त गोठायचं थांबतं, म्हणून त्याला पांघरूण घातलंच पाहिजे, असं हेमांगीबाईंनी मांडलं. एक भूलतज्ज्ञ हसले. "मॅडम, मे महिन्यात खान्देशात पंचेचाळीस अंश असतं. पेशंटला ब्लँकेट पांघरलं तर नातेवाईक आपल्याला मारतील." त्या एका ओळीवर दोन बैठका गेल्या. शेवटी अपघात विभागातल्या पंख्याखाली पडलेल्या माणसांचं अंग सगळ्यांनी महिनाभर मोजून बघितलं. आकडे समोर आले तेव्हा भूलतज्ज्ञांनी स्वतः हात वर केला. कमरेचं हाड मोडलं असेल तर साधी चादर कशी आणि कुठे आवळून बांधायची, हे एका सिस्टरने त्यांनाच बाकावर आडवं करून दाखवलं. रक्त थांबवायचं इंजेक्शन जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि तीन तासांनंतर द्यायचं नाही, हे लगेच पटलं. पुढे पाठवण्याआधी तिथे फोन करून सर्जन आणि रक्त दोन्ही आहे का हे विचारायचं, हे पटायला मात्र चार महिने लागले. कारण फोन कुणी करायचा यावर कुणाचं एकमत होईना.

सप्टेंबरच्या बैठकीत हेमांगीबाई म्हणाल्या, "प्रत्येकाने आपल्या हातून गेलेला एक पेशंट सांगायचा. माणसाचं नाव नाही, दवाखान्याचं नाव नाही. काय दिसलं आणि काय केलं एवढंच."

हिलालची पाळी आली. त्या दिवशी संयमही आला होता, पहिल्या बाकावर बसला होता. हिलालने सांगितलं. ट्रॉली, मांडी, डोकं, नाडी, घट्ट पोट, सोळा टाके, जळगावची वाट आणि परतीची वाट. शेवटी म्हणाला, "ज्याने नाडी मोजली त्याने एकदा सांगितलं. उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा सांगितलं नाही. चूक झाली ती तिथे." त्याने खरोखरच कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण वर्गातल्या सगळ्यांना कळलं, आणि संयमची मान खाली गेलेली त्याला मागूनही दिसली.

परतताना संयमच्या गाडीत जागा होती. येताना हिलाल त्याच गाडीतून आला होता. शाळेच्या फाटकाशी संयम म्हणाला, "ब्रदर, मला पुढे एका ठिकाणी जायचंय. तुम्ही बसने या."

'काका' गेलं ते तेव्हा.

चार दिवसांनी कांतीलालशेठनी बोलावलं. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, स्वच्छ पांढरे कपडे, बोलणं हळू. त्यांनी हिलालला समोर बसवलं, पाणी मागवलं.

"हिलालभाऊ, तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणत नाही."

"नाव घेतलं नव्हतं, शेठजी."

"नाव घ्यावं लागतं का?" शेठ म्हणाले. "संयम अजून नवा आहे. लोक विश्वासाने येतात. ही गोष्ट तुम्ही माझ्याकडे आणायला हवी होती."

"तुमच्याकडे आणली असती तर इथल्या इथेच राहिली असती."

शेठ रागावले नाहीत. "ते खरं आहे," एवढं म्हणाले.

नोकरी गेली नाही. पुढच्या आठवड्यात त्याची ड्युटी मात्र बदलली. अपघात विभागातून त्याला ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत टाकलं. खोली तळमजल्याच्या टोकाला. एक मोठं यंत्र, स्टीलचे डबे, हिरव्या कापडाचे गठ्ठे. दिवसभर यंत्राचा फुसफुस आवाज आणि काटा बघत बसणं. सव्वीस वर्षं ज्याने माणसांना हात लावला त्याच्या हाती आता चिमटे आणि कात्र्या होत्या.

डब्याच्या टेबलावर पहिल्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला गेला. सगळे बोलत होते, तो बसल्यावर थांबले. कुणी वाईट बोललं नाही. एका सिस्टरने भाजी पुढे केली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पंधरा मिनिटं आधी जेवून घेतलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून हिलाल आपला डबा वाफेच्या खोलीत खायला लागला. लोकांचंही बरोबर असेल, असं तो स्वतःला समजावायचा. उद्या आपली चूक हा माणूस चारचौघांत सांगेल, असं वाटलं तर कोण शेजारी बसेल?

कोकिळाला त्याने फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"या शनिवारी येताय ना?"

"या शनिवारी बैठक आहे."

"म्हणजे महिन्यातला एक शनिवार गेलाच. आता रजाही त्यातच जाणार." ती चिडली नव्हती, थकली होती. मग म्हणाली, "जा. माझ्यासमोर सांगून काय होणार आहे? तिथे सांगा."

डिसेंबरात एका रविवारी तो राकेशच्या गावी गेला. पारोळ्याच्या आत, कच्च्या रस्त्याला. का जातोय हे कुणाला सांगितलं नाही. अंगणात राकेशचे वडील चिंधाआबा तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हिलालने आपण कुठून आलो ते सांगितलं.

"दवाखानामाईन उनात का? बसा," आबा म्हणाले आणि गोणपाट पुढे सरकवलं.

हिलाल बसला. त्यानेही मूठभर शेंगा सोलायला घेतल्या. मग आबांनी विचारलं, "पोऱ्या काही बोलना का?"

"पाणी मागत होता."

"दिधं का?"

"नाही, आबा. ओठ ओले केले. ऑपरेशन करावं लागलं असतं म्हणून."

आबांनी मान हलवली. "त्याले लहानपणपाईन भलती तहान लागे."

ती तशी तहान नव्हती, अंगातलं रक्त कमी झालं की माणूस तसं पाणी मागतो, हे हिलालच्या ओठांवर आलं आणि त्याने गिळलं. त्याऐवजी जे सांगायला आला होता ते सांगितलं. "आबा, मला वाटलं होतं पोटात काहीतरी आहे. मी डॉक्टरांना एकदा म्हणालो. परत म्हणालो नाही."

आबांचे हात थांबले. "परत सांगतात तर पोऱ्या वाचता का?"

"नक्की सांगता येत नाही. कदाचित."

आबा पुन्हा शेंगा सोलायला लागले. त्यांनी त्याला माफ केलं नाही, दोषही दिला नाही. थोड्या वेळाने आत बघून सुनेला म्हणाले, "पाहुणाले च्या ठेव." हिलाल चहा प्यायला आणि निघाला. परतीच्या बसमध्ये त्याला इतकं एकटं वाटलं की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी तो कापसाच्या पिकाबद्दल पारोळ्यापर्यंत बोलत राहिला, आणि त्याची स्वतःची तर शेतीही नव्हती.

पुढच्या बैठकीत त्याने दोन गोष्टी मांडल्या. एक, जखमी माणूस सारखा पाणी मागत असेल तर ते रक्त जात असल्याचं लक्षण समजून त्याची वेळ लिहायची. ती सगळ्यांनी लगेच मान्य केली. दुसरी गोष्ट अशी, की रुग्णाबद्दल शंका कुणीही सांगितली, मग तो ब्रदर असो, वॉर्डबॉय असो, ड्रायव्हर असो, ती कागदावर लिहायची. कोण बोललं, किती वाजता, आणि डॉक्टरांनी काय उत्तर दिलं.

एक ज्येष्ठ सर्जन म्हणाले, "म्हणजे उद्या कोर्टात हाच कागद आमच्या तोंडावर मारणार." दुसऱ्याने विचारलं, "आता ड्रायव्हर आम्हाला निदान सांगणार का?" कोपऱ्यातला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर खाली बघून हसला. संयम समोरच्या कागदावर रेघा ओढत राहिला.

सगळ्या ओळी एकमताने ठरणार नाहीत हे उघड होतं. म्हणून हेमांगीबाईंनी मतांची पद्धत आणली. मसुद्याच्या चोवीस ओळी प्रत्येकाला घरपोच पाठवल्या. प्रत्येक ओळीला एक ते नऊ गुण द्यायचे, नाव लिहायचं नाही. एकतीसपैकी निदान चोवीस जणांनी सात किंवा जास्त गुण दिले तरच ती ओळ राहणार. पहिल्या फेरीत हिलालच्या ओळीला तेरा जणांनी तसे गुण दिले. पांघरुणाच्या ओळीला तीस.

निकालाचा कागद टपालाने आला तेव्हा तो वाफेच्या खोलीत होता. तेरा हा आकडा त्याने पुन्हा पुन्हा बघितला. अठरा लोकांना ती ओळ नको होती. त्यात कोण कोण होते याचा अंदाज करत तो बसला, मग लाज वाटून थांबला.

दुसऱ्या फेरीआधी प्रत्येक पडलेल्या ओळीच्या बाजूने कुणालाही चार वाक्यं लिहून पाठवता येणार होती, तीही निनावी. हिलालने आठ दिवस लिहिलं आणि फाडलं. मोठमोठे शब्द लिहून बघितले, ते त्याचे वाटेनात. कोकिळाला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे भाषण झालं. मला जे सांगितलं होतंत ते लिहा." शेवटी त्याने लिहिलं:

'एका रुग्णाची नाडी एकशे बत्तीस होती. मोजणाऱ्याने एकदा सांगितलं आणि उत्तर ऐकून तो गप्प बसला. ते लिहायचं असतं तर त्याला गप्प बसणं जड गेलं असतं. आणि उत्तर देणाऱ्यालाही लिहिण्याआधी एकदा पोटावर हात ठेवावासा वाटला असता.'

दुसऱ्या फेरीआधीच्या चर्चेत ओळीतून 'कोण बोललं' हे शब्द गेले. शंका, वेळ आणि उत्तर एवढंच राहिलं. ही तडजोड कुणी सुचवली ते कागदावर नव्हतं. नव्या रूपात सव्वीस जणांनी ती ओळ उचलून धरली. संयमने किती गुण दिले हे हिलालला कधीच कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये आठही दवाखान्यांनी मंजूर ओळींचा छापील तक्ता स्वीकारला. धुळ्यात एका सभागृहात छोटा कार्यक्रम झाला. तक्त्याच्या मागच्या पानावर अकरा डॉक्टरांची नावं होती आणि खाली 'परिचारिका, ब्रदर व रुग्णवाहिका कर्मचारी यांचा सहभाग' अशी एक ओळ. हेमांगीबाई त्याला जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "नावं घालायचा मी आग्रह धरला होता, ब्रदर. जमलं नाही."

"असू द्या, मॅडम."

"असू द्या नाही," त्या म्हणाल्या. मग त्या जिना उतरून गेल्या.

सप्टेंबरात ड्युटीची यादी लागली. हिलालचं नाव पुन्हा अपघात विभागात होतं. खाली संयमची सही होती. हिलालने वाफेच्या खोलीतला आपला पाण्याचा तांब्या उचलला आणि विभागात आला.

नोव्हेंबरात कॉलेजला निघालेली पलक नावाची मुलगी स्कूटीवरून जाताना कारला धडकली. हात मोडलेला, गालावर मोठी जखम, चेहरा बघून आई वेड्यासारखी झालेली. हिलालने नाडी मोजली. एकशे अठरा. मुलगी डाव्या खांद्यात दुखतंय म्हणत होती, खांद्याला तर काहीच लागलेलं नव्हतं. पोटात डाव्या बाजूला वर रक्त साचलं की दुखणं असं खांद्यात जाणवतं.

"साहेब, डावा खांदा दुखतोय म्हणते. मला पोटात प्लीहा फाटल्याची शंका येते."

संयम गालाकडे बघत होता. क्षणभर थांबला. मग उभा राहिला, मुलीच्या डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला, हळूच दाबलं. ती कळवळली. त्याने हातमोजा काढला, तक्ता ओढून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात शंका, वेळ आणि उत्तर लिहिलं. "गालावर नुसती दाबपट्टी," तो म्हणाला. "टाके इथे नकोत. सोनोग्राफी मशीन आणा, इंजेक्शन भरा, मी धुळ्याला फोन करतो." बावीस मिनिटांत गाडी निघाली, आणि सरळ धुळ्याकडे निघाली.

तक्त्याची शेवटची ओळ हेमांगीबाईंनी घातलेली होती. जिथे रुग्ण पोचला त्यांनी एका दिवसाच्या आत पाठवणाऱ्याला फोन करून काय झालं ते कळवायचं. दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. प्लीहा काढावी लागली, मुलगी शुद्धीवर आहे, आईशी बोलली. हिलालने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि वळला. खोलीत दोन सिस्टर होत्या, दोघी कामात. संयम दारात उभा होता.

"पलक वाचली, साहेब."

संयमने मान डोलावली. मग पुढच्या खाटेवरच्या माणसाचा एक्स-रे उजेडात धरून बघायला लागला. दुपारी डब्याच्या टेबलावर खुर्ची रिकामी होती. हिलाल तिथे बसला. सिस्टरने लोणचं दिलं, कापसाच्या भावावर बोलणी झाली, पावसावर झाली. पूर्वीसारखं काही झालं नाही. आपण ते परत मागतोय का, हे तो स्वतःला विचारत राहिला आणि जेवण उरकून उठला.

यंदाच्या उन्हाळ्यात तक्ता रावेरकडच्या छोट्या सरकारी दवाखान्यांत शिकवायचं ठरलं, तेव्हा हेमांगीबाईंनी हिलालचं नाव दिलं. ते त्यांनी कोकिळाची शाळा तिकडे आहे म्हणून दिलं, हे त्याला नंतर समजलं. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये असलेल्या एका दवाखान्यात चार सिस्टर आणि एक ड्रायव्हर त्याच्यासमोर बसले होते. बाहेर केळीचे ट्रक भरले जात होते, त्या गलक्यात त्याला मोठ्याने बोलावं लागत होतं. शंकेच्या ओळीवर आल्यावर एक नवी सिस्टर, जेमतेम तेवीस-चोवीसची, म्हणाली, "सर, डॉक्टर रागावले तर?"

खोटं सांगावं असं त्याला क्षणभर वाटलं.

"रागावतील," तो म्हणाला. "तोंडावर काही म्हणणार नाहीत. हाक मारायची पद्धत बदलेल. बाकीचेही जरा लांब राहतील."

"मग काय करायचं?"

"मला माहीत नाही, ताई. मी दोन वर्षं डबा एकट्याने खाल्ला. पण नाडी सांगायची ती सांगायची. तुम्हाला कुणी बोलायला हवं असेल तर माझा नंबर लिहून घ्या. दुपारी दोनला मी मोकळा असतो."

पाचही जणांनी नंबर लिहून घेतला. ड्रायव्हरने तर दोनदा तपासला. मग हिलालने चादर मागवली आणि कमरेचं हाड मोडलेल्या माणसाला ती कशी बांधायची हे दाखवायला सुरुवात केली.